दोन ठोशांच्या मध्ये

भावानं तिच्या नवऱ्याच्या तोंडावर पहिला ठोसा मारला तेव्हा तिच्या एकाच पायातली चप्पल निघाली होती. दुसरी अजून पायातच होती, आणि एक पाय घरात, एक बाहेर अशी ती भिंतीला हात टेकून उभी होती. ठोशाचा आवाज फारच किरकोळ झाला. पिळलेला ओला कपडा ओट्यावर टाकावा तसा. नवरा मागच्या भिंतीवर आदळला, तिथून सुटा झाला, आणि त्यानं मारणाऱ्याकडं न बघता तिच्याकडं बघितलं. मग दुसरा ठोसा बसला. मग तिसरा, आणि तिसऱ्याबरोबर काहीतरी फरशीवर टणकन पडून टेबलाखाली घरंगळत गेलं. तिनं वाकून उचललं तर तो वरचा पुढचा दात होता, मुळासकट, आणि त्या निमुळत्या मुळाला मांसाचा गुलाबी धागा लोंबत होता. दात दुधात ठेवला तर काही वेळ जगतो हे तिला माहीत होतं. ती स्वयंपाकघरात गेली, झाकणाच्या डबीत दूध ओतलं, दात त्यात सोडला, झाकण घट्ट लावलं. हे सगळं तिनं न चुकता, थेंबही न सांडता केलं. तोंडातून मात्र तोवर ब्र काढला नव्हता.

आता ती इस्पितळाच्या अपघात विभागात, पडद्यांनी पाडलेल्या एका खणात, लोखंडी खाटेच्या कडेला बसली होती. शेजारच्या खणात नवऱ्याचा ओठ शिवत होते; दाताची डबी तिकडंच दिली होती. मध्ये फक्त एक हिरवा पडदा, तोही जमिनीपर्यंत न पोचणारा. खालून त्याच्या बुटांची टोकं दिसत होती. सुई टोचली की ती टोकं एकमेकांकडं वळत आणि पुन्हा सरळ होत. मारलं भावानं, आणि दोघांना गाडीत घालून आणलं तेही भावानंच. भाऊ क्रेन चालवायचा. त्याचे हात स्टिअरिंगवर ठेवले की स्टिअरिंग खेळण्यातलं वाटायचं. वाटेत तो एकच वाक्य बोलत होता, "आधी सांगायचंस ना, चिमे. आधी सांगायचंस." इथं आल्यावर दारातल्या परिचारिकेनं आधी नवऱ्याच्या ओठाकडं बघितलं, मग तिच्या डावीकडच्या सुजलेल्या, हिरव्या-पिवळ्या पापणीकडं, पापणीवरच्या टाक्यांकडं, खोबणीतून पुढं आलेल्या डोळ्याकडं, आणि परिचारिकेचा चेहराच बदलला. दंडाला हळूच धरून तिनं तिला या खणात आणून बसवलं. "घाबरायचं नाही हं. डॉक्टर आणि पोलीसबाई तुमच्याशी एकटीशी बोलतील. ते इकडं येणार नाहीत." ते म्हणजे नवरा. इतक्या मायेनं तिच्याशी कित्येक वर्षांत कुणी बोललं नव्हतं, आणि ती माया चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पार्सलासारखी तिच्या मांडीवर पडून राहिली.

परिचारिका गेल्यावर पडदा सारून भाऊ आत आला. त्याला उभं राहायलाही जागा पुरत नव्हती.

"काय विचारतील माहितीये ना?" तो कुजबुजला.

"काय?"

"त्यानं मारलं का, विचारतील. तू हो म्हण."

"दादा, ती गाठ आहे. तपासून झालंय."

"असू दे. गाठ असू दे, डोंगर असू दे. तू हो म्हण." त्यानं स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं. मधल्या बोटाच्या सांध्यावर कातडी फाटली होती. "कामावरची ती मागची मारामारी अजून कागदावर आहे माझी. तू नाही म्हणालीस तर मी सरळ आत. नोकरी गेली, पोरींची शाळा गेली. आणि हो म्हणालीस तर काय? भाऊ बहिणीसाठी धावला. कोण नावं ठेवणार?"

"आणि त्याचं काय?"

"त्याचं काय व्हायचंय? चार तास बसवून ठेवतील. तोंड शिवून ठेवलंयच, फार काही बोलणार नाही." स्वतःच्या विनोदावर तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच विझलं. "चिमे, एवढं कर. आयुष्यात काही मागितलंय का मी तुझ्याकडं?"

नव्हतं मागितलं. ती गप्प राहिली, आणि तो होकार समजून बाहेर गेला.

पहिला ठोसा आणि दुसरा ठोसा यांच्यामध्ये फार तर दोन सेकंद गेले असतील. 'मला कळलंच नाही, वेळच मिळाला नाही' असं कुणाही बाईनं म्हटलं असतं आणि कुणीही मान हलवली असती. पण तिचा धंदाच वेगळा होता. माणसांच्या शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, यंत्रात लावायचे, चाक फिरवायचं, आणि पात्याखालून चार मायक्रॉनचा एकेक काप पाण्यावर तरंगत सोडायचा. केसाच्या जाडीत असे पंधरा-सतरा काप बसतात. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. इतके पातळ काप करायची सवय लागलेल्या माणसाला वेळ मिळाला नाही असं म्हणता येत नाही. ते दोन सेकंद ती इथं बसल्या बसल्या कापत होती. एका कापात नवऱ्याची मान वळली. पुढच्यात त्याची नजर तिच्यावर येऊन थांबली. तीत भीती नव्हती, आता ही बोलेल एवढं साधं वाट बघणं होतं, दुकानात सुटे पैसे परत मिळायची वाट बघावी तसं. त्याच्या पुढच्यात भावाचं कोपर मागं गेलं. तिची जीभ टाळूला लागलेली होती आणि वाक्य तयार होतं. त्यानंतरचा एक काप होता. तो ती उचलत नव्हती.

वाक्य तर दुपारपासून तयार होतं. प्रयोगशाळेत एक रीत होती: आपल्या माणसाचा तुकडा आपण कापायचा नाही. कुणी तसं लिहून लावलेलं नव्हतं. नुसतं 'हा माझ्या काकांचा' म्हटलं की शेजारचीनं काही न बोलता तो ठोकळा उचलून आपल्या यंत्राला लावायचा. पण ठोकळ्यावर नाव नसतं, क्रमांक असतो, आणि पाच दिवसांपूर्वी डोळ्याच्या खोबणीतल्या गाठीचा तुकडा काढून झाल्यावर गुंगीतच तिनं बाटलीवरचा आपला क्रमांक पाठ केला होता. पापणीवर बारीकशी गाठ होती ती काढली, एवढंच तिनं सांगितलं. ते कुणाला खरं वाटलं नाही. "नवऱ्याला म्हणावं, पुढच्या वेळी उजवा," शेजारच्या यंत्रावरची म्हणाली आणि सगळ्या हसल्या, मग हसू ओसरल्यावर तीच तिच्याजवळ येऊन म्हणाली, "खरंच तसं काही असेल तर सांग हं." तिनं नुसती मान हलवली. आपला ठोकळा आपल्याच यंत्राला लावला. तुकडा चिवट होता, पात्याला कुरकुरत होता. आपण आपल्याला कापतोय याचं काहीतरी वाटायला हवं होतं, पण काप सलग उतरत होते आणि तिला फक्त बरं वाटत होतं. काचपट्ट्या रंगवून तिनं निदान करणाऱ्या मॅडमच्या टेबलावर ठेवल्या आणि हात धूत उभी राहिली. मॅडम कधी आवाज चढवत नसत. पंधराव्या मिनिटाला त्या ओरडल्या, "या गं सगळ्या! हातातलं टाका आणि या. परत दिसायचं नाही हे!"

सगळ्या सूक्ष्मदर्शकापुढं रांगेत उभ्या राहिल्या. तीही राहिली, चौथी.

"ही मोठी, फिकट पेशी दिसली? हिच्या पोटात बघा. लसिकापेशी आहेत, चांगल्या पाच-सहा. आणि कशा आहेत? धडधाकट. गिळलंय, पण पचवलेलं नाही. पाहुण्यांसारख्या फिरतायत आत." मॅडमना आनंद लपवता येत नव्हता. "खात्रीसाठी लावलेला तपकिरी रंगही हिनंच धरलाय."

"किती सुंदर," पुढची म्हणाली.

तिची पाळी आली. उजवा डोळा लावून तिनं बघितलं. मोठाल्या पेशी, पाण्यात पीठ कालवल्यासारख्या, आणि प्रत्येकीच्या आत गोल, काळपट-निळे, जिवंतपणी गाडले गेलेले दाणे. न मारता गिळणं इतकं शांत दिसतं हे तिला ठाऊक नव्हतं. "म्हणजे कॅन्सर नाही, मॅडम?" तिनं डोळा न काढता विचारलं.

"छे गं! लसिकाग्रंथींचा आजार हा. मानेत गाठी येतात मोठाल्या, दुखत नाहीत काही नाहीत. याच्यात डोळ्याच्या खोबणीत झालीय, ते आणखी दुर्मीळ. वाढते, दाबते, औषधानं बसते, परत येते. कधी आपली आपण जाते. माणूस मरत नाही सहसा. डोळ्याचं मात्र नस किती दबलीय त्यावर. कुणाचं आहे बघू." त्यांनी क्रमांकावरून अर्ज शोधला, नाव वाचलं, आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "मूर्ख. स्वतः कापलंस?"

"हो."

"कापलंयस मात्र छान," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या.

नस दबत होती हे आधी तिला रंगांनी सांगितलं होतं. प्रयोगशाळेतले नेहमीचे रंग दोन, पेशींच्या गाभ्याला जांभळा आणि बाकी सगळ्याला गुलाबी. आठ महिन्यांपूर्वी गुलाबी उतरायला लागला. रंग शिळा झालाय म्हणून तिनं तीन बाटल्या ओतून दिल्या, पुरवठादाराशी भांडली, आणि मग एकदा सहज एकेक डोळा मिटून बघितलं. उजव्याला गुलाबी गुलाबीच होता. डाव्याला तो धुतलेल्या विटेसारखा दिसत होता. तरीही वय झालं, दमणूक झाली, अशी तिनं स्वतःची समजूत घातली, कारण चष्मा छान बसत होता. नवरा चष्म्यांच्या दुकानात होता, स्वतः काचा घासायचा, काड्या वाकवायचा. कधी पापणीचे केस काचेला घासतात असं ती म्हणाली की तो चष्मा मागून घ्यायचा, काडी गरम हवेवर धरायचा, नाकावरची गादी किंचित उचलायचा, फुंकर मारून तिच्या डोळ्यांवर परत ठेवायचा. "बघ, आता?" पुढं पुढं तर ती काही म्हणायच्या आतच करायचा. याला प्रेम म्हणायची तिला सवय झाली होती, आणि ते खोटंही नव्हतं. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी तो चष्मा टेबलावर ठेवला, आणि तो लंगड्या स्टुलासारखा डुगडुगला.

"हा असा कुणी वाकवलाय?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"मी," नवरा म्हणाला.

"म्हणजे डोळा पुढं येतोय हे तुम्हाला दिसत होतं."

"आठ महिन्यांपूर्वी दोन मिलिमीटर होता. मग साडेतीन. गेल्या महिन्यात पाच."

"आठ महिने?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आधी आणलं असतंत तर नस एवढी दबली नसती, साहेब."

घरी आल्यावर तिनं एकच विचारलं होतं, "का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तू घाबरली असतीस." "म्हणून?" "म्हणून चष्मा नीट करत राहिलो." हे त्यानं इतक्या सरळपणानं सांगितलं की तिनं हातातली सुरी कापायच्या फळीवर उभी धरली आणि त्याच्या तोंडाकडं बघितलं. तेच ओठ, जे कधी तिला उणा शब्द बोलले नव्हते. ते ओठ फुटलेले कसे दिसतील हे तिला स्वच्छ दिसलं. कुठून चिरतील, रक्त कोणत्या बाजूनं हनुवटीवर येईल, दात कुठला जाईल. तेव्हापासून, आणि पुढं पाच दिवस पापणीवर टाके आणि डोक्यात ठणका घेऊन, ती ते चित्र बघत होती. वाढताना, कपडे वाळत घालताना, त्यानं उशी नीट करून दिली तेव्हा. त्यानं डोळ्यांवर कातडं ओढलं होतं, आणि ते तिचंच कातडं होतं. एकदा तो जिन्यात तिच्या पुढं उतरत होता तेव्हा तिचा तळहात त्याच्या पाठीपासून दोन बोटांवर जाऊन थांबला. तो वळून म्हणाला, "धर ना मला, पायरी चुकेल." तिनं धरलं.

ओरडून मोकळं व्हायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. माहेरी ओरडायचा तो फक्त बाप, आणि तोही मारताना नाही. बाप नकाशे काढायचा. मारायच्या आधी तो बाह्या दुमडायचा, दोन्ही सारख्या, आणि नकाशाच्या फळीवरची लाकडी पट्टी उचलायचा. आई भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसायची, भांडं जागेवर ठेवावं तशी. आणि सतरा वर्षांचा, दारातून आत येताना वाकावं लागणारा दादा उठायचा आणि रेडिओचा आवाज वाढवायचा. बातम्या असोत, बाजारभाव असोत. ती तेव्हा दहाची. पुढं पुढं तिला असं वाटायला लागलं होतं की आवाज वाढतो म्हणूनच बाप मारतो. दुसऱ्या दिवशी आईचा डोळा निळा असायचा, आणि शेजारची काकू काय झालं विचारायची, आणि आई म्हणायची, "काही नाही हो, कपाटाचं दार लागलं." कपाटाला पडदा होता, दार नव्हतंच. काकूला ते माहीत होतं. बाप पुढं वेळेवर औषधं घेत अंथरुणात मेला, आणि त्याला शेवटपर्यंत उचलून बसवायचं काम दादानंच केलं. एक ठोसा तीस वर्षं त्याच्या खांद्यात अडकून राहिला होता. परवा फोनवर ती त्याला म्हणाली होती, "काही नाही रे, डोळ्यात गाठ आहे," आणि पलीकडं इतका वेळ शांतता पसरली की तिला वाटलं फोन कटला.

आज ती जिना चढली तेव्हा तोंडात 'कॅन्सर नाही' हे दोन शब्द होते, गोळी जिभेखाली धरावी तसे. दार उघडंच होतं. भाऊ न कळवता आला होता, खुर्चीत न टेकता उभा होता, नवरा पाण्याचा पेला घेऊन त्याच्यापुढं. तिनं चप्पल काढायला भिंतीला हात टेकला आणि दुसऱ्या हातानं काळा चष्मा काढला.

"हे काय आहे?" भावानं तिला नाही, नवऱ्याला विचारलं.

"दादा, ती गाठ आहे तिला, परवा जरा—"

"गाठ." भावानं मान हलवली, सगळं कळल्यासारखी. "आमच्या आईला कपाट होतं. हिला गाठ."

आणि मग तो पहिला ठोसा, ती वळलेली मान, ती वाट बघणारी नजर, मागं जाणारं कोपर. आणि तो शेवटचा काप, जो ती आतापर्यंत पाण्यावर नुसता तरंगू देत होती. तो उचलून तिनं उजेडात धरला. त्यात तिचं तोंड मिटलेलं होतं. भीतीनं नाही, धक्क्यानं नाही. त्यात तिनं नवऱ्याच्या ओठाकडं बघितलं होतं आणि स्वतःच्या पोटात, अगदी हळू, घास मागावा तसं म्हटलं होतं: अजून एक.

पडदा सरकला. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिच्यामागची पोलीसबाई चाळिशी ओलांडलेली, जाडसर, पाय दुखत असावेत अशी उभी राहणारी. तिच्या हातात फळी आणि फळीला अडकवलेले कागद. भाऊ तिच्या पाठीमागून डोकावत होता. पोलीसबाईनं मागं न बघता पडदा ओढून घेतला.

"ताई, इथं तुम्हाला कुणी काही करणार नाही," डॉक्टर म्हणाली. "मिस्टरांनी मारलं का?"

"नाही."

पडद्यापलीकडचे बूट हलायचे थांबले.

"घाबरून म्हणत असाल तर—"

"घाबरून नाही. हे ऑपरेशनचे टाके आहेत. खोबणीत गाठ आहे, तिचा तुकडा काढला पाच दिवसांपूर्वी, म्हणून निळं पडलंय. रिपोर्ट आजच आला. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा." तिनं नंबर सांगितला. "त्यांनी कधी हात उगारलेला नाही माझ्यावर. एकदाही."

पोलीसबाईनं फळी पोटाशी टेकवली. "मग भावानं मारलं ते?"

"त्याला वाटलं यांनी मारलंय."

"आणि तुम्ही तिथंच होतात."

"दारात."

"मग सांगायचं नाही का, बाई? एक शब्द बोलला असतात तर माणसाचा दात राहिला असता."

बाहेर कुणीतरी खाट ढकलत गेलं. चाक किरकिरत लांब जाईपर्यंत ती थांबली.

"मी मुद्दाम बोलले नाही," ती म्हणाली. "मला हवं होतं ते."

मग पलीकडून, बधिर ओठांमधून, शब्द चावून झाल्यासारखा नवऱ्याचा आवाज आला. "थांबा जरा, डॉक्टर." ट्रेमध्ये काहीतरी धातूचं ठेवल्याचा आवाज झाला. "कुठला हवा होता?"

तिला प्रश्न लगेच कळला. "दुसरा. तिसऱ्यालाही नको म्हणाले नाही, पण हवा असा दुसराच होता."

"दात तिसऱ्यानं गेला."

"माहितीये."

हिरवा पडदा पंख्याच्या वाऱ्यानं पोटात श्वास भरावा तसा फुगला आणि बसला.

"रिपोर्ट काय आला?"

"कॅन्सर नाही."

"बरं," तो म्हणाला. त्या 'बरं'मध्ये तिनं माफी शोधली, राग शोधला. तिथं फक्त 'बरं' होतं. मग त्यानं घसा साफ केला आणि त्याच्या आवाजात कधी न ऐकलेलं असं काहीतरी ताठ उभं राहिलं. "बाई, मला तक्रार द्यायची आहे. मारहाणीची."

"कुणाविरुद्ध?" पोलीसबाईनं विचारलं.

"हिच्या भावाविरुद्ध."

"साक्षीदार कोण आहे?"

बुटांची टोकं एकमेकांकडं वळली. त्याला तिच्याकडं मागायचं नव्हतं, हे तिला पडद्यातूनही दिसलं.

"मी," ती म्हणाली.

बाहेर भावानं ऐकलं असावं. "चिमे!" तो ओरडला, आणि कुणाचा तरी धक्का लागून स्टीलचं भांडं खाली पडलं. "चिमे, अगं मी कुणासाठी मारलं? चिमे!" दोघातिघांचे पाय धावले. त्याचा आवाज आधी चढला, मग फुटला, मग दाराबाहेर ओढला गेला. त्याच्या दोन मुली तिच्या डोळ्यांपुढं आल्या, शाळेच्या गणवेशात, एकीची वेणी सुटलेली. ती उठली नाही.

पोलीसबाई जवळच्या स्टुलावर बसून लिहायला लागली. हात सवयीचा होता. विचारायच्या आधीच अर्धं वाक्य कागदावर उतरत होतं. किती वाजता, कोण कुठं उभं, कुठल्या हातानं, किती वेळा. तीन, ती म्हणाली. पेन पळत राहिलं. मग पोलीसबाईनं लिहिलेलं एका दमात वाचून दाखवलं, "...त्या वेळी मी दारात हजर होते, मी भावास अडवण्याचा प्रयत्न केला, परंतु त्यानं न जुमानता..."

"नाही केला," ती म्हणाली.

"अहो, असंच लिहितात. सगळ्याच करतात प्रयत्न."

"मी नाही केला. खोडा ते."

पोलीसबाईनं तिच्या दोन्ही डोळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं, मग त्या ओळीवरून पेन फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा, कागद खरवडेपर्यंत. फळी तिच्यापुढं केली.

"खोडलंय तिथं सही लागते," पोलीसबाई म्हणाली. "ओळीच्या अगदी शेजारी."

तिनं पेन घेतलं आणि ओळीच्या अगदी शेजारी सही केली.